शेपटाआड दडलेली माणसं

माझं लहानपण सुखाचं गेलं असतं, पण आमच्या घरात व्याकरण मुक्कामाला आलं होतं आणि ते खोली सोडायला तयार नव्हतं. लोकांच्या घरात विंचू निघतात, उंदीर निघतात, आमच्या घरात क्रियापदं निघायची. उशीच्या अभ्र्यात, साखरेच्या डब्यात, एकदा तर आईच्या पोळपाटाखाली. सगळी अप्पाकाकांची. अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न झालेलं नाही, शाळेतली नोकरी टिकलेली नाही, आणि डोक्यात एक महाग्रंथ. त्यांना शाळेतून का काढलं ते घरात कोणी सांगत नसे. ‘नोकरी सुटली’ एवढंच म्हणत. मी पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की काकांनी सहामाही परीक्षेला आख्ख्या वर्गाला एकच वाक्य देऊन त्याचा प्रयोग बदलायला लावला होता, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही तोच पेपर देऊन बाकावर बसवलं होतं. साहेब नापास झाले. हे थोडं वाढवून सांगतेय असं तुम्हाला वाटेल. वाटू दे.

पंचवटीत रामकुंडाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमची यात्रेकरूंना उतरायची जागा होती. वर खोल्या, खाली खानावळ, बाजूला गल्लीवर उघडणारं परस आणि नळ. तो नळ आमच्या घराण्याचा खरा कुलपुरुष. सकाळी त्याच्यापुढे सगळा हिंदुस्थान तांब्या घेऊन उभा असायचा आणि आपापल्या भाषेत एकमेकांना शिव्या घालायचा. देवळांच्या घंटा, स्टोव्हची भरभर, वरच्या खोलीत कुणाचं तरी भजन, खालच्या खोलीत कुणाचं तरी पोट बिघडलेलं, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आईचा आवाज असा होता की तिने ओट्यापाशी ‘जेवायला चला’ म्हटलं की नदीपलीकडे सराफ बाजारात लोक हात धुवायला उठायचे. तिच्या आमटीत गूळ पडायचा, चिंच पडायची. दक्षिणेची मंडळी आली की ती भात वाढवायची, बंगाली आले की मोहरी, गुजराती आले की गूळ आणखी थोडा. तिला मराठीखेरीज एक भाषा येत नव्हती, पण समोरच्याचं ताट बघून तो कुठल्या बाजूचा ते ती सांगायची. वडील, म्हणजे नाना, दारातल्या गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत. एवढंच काम ते मन लावून करत.

आता काकांचा ग्रंथ. सगळ्या भाषांतल्या क्रियापदांवर प्रयोगाची खूण कुठे असते त्याचा कोश. काका म्हणत, ‘‘प्रत्येक भाषेत क्रियापदाला एक शेपूट असतं. करणारा माणूस सापडू नये म्हणून त्या शेपटाआड दडून बसतो. संस्कृतात तो ‘य’च्या मागे दडतो. हिंदी-मराठीत ‘जाणे’ लावून निघूनच जातो. चोर पकडला जातो, पकडणारा कोण, पत्ता नाही. गुजरात्याने तर क्रियापदाच्या पोटात चोरखिसा शिवलाय, ‘आ’चा. ‘माराथी नथी चलातुं’, माझ्याच्याने चालवत नाही. सिंधी माणसाचं ‘लिखिजे’ बघ, आपल्या जुन्या पोथ्यांतल्या ‘कीजे’चा सख्खा चुलतभाऊ! बंगाल्याकडे ‘होणे’. आणि तेलुगू-तमिळ? तिथे क्रियापद पडतं! खाणं पडतं, मारणं पडतं, काहीही पडतं!’’ हे बोलताना काकांचा चष्मा नाकाच्या टोकावर येऊन पडायच्या बेतात असायचा. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं. मी मॅट्रिकला नापास व्हायच्या तयारीत होते आणि इतकं बिनकामाचं ज्ञान इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण बिनकामाचं म्हणजे किती? तर बारा-चौदा भाषांतली कर्मणी वाक्यं काकांना तोंडपाठ, आणि एकाही भाषेत ‘बसा’ म्हणता येत नव्हतं. दारात केरळचा माणूस तहानेने व्याकूळ होऊन उभा असावा आणि काकांनी त्याला त्याच्याच भाषेत सांगावं की रामाकडून आंबा खाल्ला गेला.

पाहुणा उतरला, हातपाय धुऊन बसला, की काका पुढ्यात हजर. छापखान्यातून लग्नपत्रिकांची कातरणं आणलेली असायची, त्यांच्या एका बाजूला वाक्य लिहायचं आणि चिठ्ठी कोशाच्या खोक्यात टाकायची. काका हातवारे करून पोळी दाखवत, मग खाण्याची खूण, मग स्वतःला लपवल्याची खूण. बिचारे लोक हजारो मैल प्रवास करून आलेले, कुणाच्या काखेत अस्थींचा कलश, आणि हा माणूस पोळी दाखवून उपरण्याआड लपतोय. अर्धेजण समजत की इथे पोळी चोरून खावी लागते. वाक्य देणाऱ्याला काका स्वतःच्या ताटातला पापड देत. एका पंजाबी ट्रकवाल्याने सात पापड खाल्ले आणि सात वाक्यं दिली, त्यातली सहा शिव्या होत्या. काकांनी ती सगळी ‘क्रियापदरूप संदिग्ध’ म्हणून नोंदवली.

‘‘भाऊजी,’’ आई ओट्यापासून ओरडायची, ‘‘आज किती शेपटं सापडली? आमटीत नका पाडू म्हणजे झालं.’’

‘‘वहिनी, हे शास्त्र आहे.’’

‘‘असू दे की. शास्त्राला म्हणावं जरा नारळ फोड.’’

‘‘नारळ फोडला जाईल.’’

‘‘बघा! फोडला जाईल म्हणे. आता मलाच फोडावा लागेल.’’

आईचं खरं शास्त्र होतं शिदोरीचं. आमच्या जागेचा तो शिरस्ताच होता. पाहुणा निघाला की रिकाम्या हाताने जायचा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड, पळसाच्या पानात बांधून वर सुतळी. आदल्या संध्याकाळी त्या मंडळींचा पुढारी खाली येऊन पुडे किती ते सांगायचा. माणसांपेक्षा एखादा पुडा कमी सांगितला तर आई काही विचारत नसे. यात्रेकरूंत कुणाचा ना कुणाचा उपास असायचाच. अशा माणसासाठी ती केळी-खजूर वेगळे काढून ठेवायची. हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की त्यात काही विचार करण्यासारखं आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

एकदा आंध्रातली एक बस आली. बायका भरपूर, झेंडूचे हार भरपूर, आणि एक पुढारी, चाळिशीचा, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. बरोबर त्याची म्हातारी आई. एवढीशी बाई, नाकात दोन्हीकडे चमक्या, पाय सुजलेले. ती जिना चढायची म्हणजे एका पायरीवर बसायची, गप्पा मारायची, मग दुसरी पायरी. मुलगा वरून घड्याळ बघायचा. काकांना तर ही बस म्हणजे पर्वणीच. तेलुगूतलं ‘पडणं’ त्यांना ताज्या तोंडातून हवं होतं. त्यांनी म्हातारीला गाठलं, पोळी दाखवली, लपून दाखवलं, आणि आपलं तेलुगू ऐकवलं, ‘‘रामुनिचेत पंडु तिनबडिंदि.’’ रामाकडून फळ खाल्लं गेलं. म्हातारी हसता हसता भिंतीला टेकली. तिने आजूबाजूच्या बायकांना बोलावून काकांकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. असं कुणी बोलतच नसावं! काकांना वाटलं, कौतुक झालं.

संध्याकाळी मुलगा खाली आला आणि मला पुड्यांचा आकडा सांगून म्हणाला, ‘‘एक कम.’’ मी ओट्याकडे बघून ओरडले, ‘‘आई, एक कमी गं!’’ आईने केळी-खजूर काढून ठेवले. झालं.

सकाळी बस गेली. बस गल्लीत येत नसे, मंडळी चालत नाक्यावर जायची. तासाभराने मी परसात धुणं वाळत घालायला गेले तर म्हातारी नळाशेजारच्या दगडावर बसलेली. मांडीवर गाठोडं, अंगावर चांगलं लुगडं, केस विंचरलेले, जायला अगदी तयार. मुलाने तिला ‘इथे बस, बोलवतो’ म्हटलं असणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘नन्नु वदिलेसि वेळ्ळिपोयारु.’’

मी बोंब ठोकली. सगळी गल्ली जमली. आणि मग आमच्या नाशिकच्या सज्जन लोकांनी आपापल्या जिभा बाहेर काढल्या. नाना म्हणाले, ‘‘अरेरे, राहून गेल्या.’’ समोरचे फुलवाले म्हणाले, ‘‘चुकामूक झाली.’’ शेजारचे गुरुजी म्हणाले, ‘‘गडबडीत होतं असं.’’ राहून गेल्या! जशी काही खुंटीवरची टोपी. आजही सकाळी पेपर उघडला की मला हेच लोक भेटतात. घाटावर वृद्धा आढळून आली म्हणे. आढळून आली! ती काय दुर्मिळ पक्षी आहे? तिला कुणीतरी हात धरून आणलं, बसवलं आणि चपला घालून निघून गेलं. तेवढी माणसं कुठल्याच बातमीत नसतात. पूर्वी मी पेपरवाल्यांना पत्रं लिहायची. त्यांचं उत्तर यायचं की आपल्या पत्राची दखल घेण्यात आलेली आहे. कुणी घेतली ते काही कळलं नाही.

म्हातारी मात्र तेच वाक्य म्हणत राहिली. नानांना म्हणाली, फुलवाल्यांना म्हणाली, गुरुजींना म्हणाली. दर वेळी जरा मोठ्याने. कुणाला कळेना. ती गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, आणि प्रत्येकाच्या तोंडावर तीच मऊ, दयाळू, बथ्थड समजूत. तिने काही खाल्लं नाही. आईने भात कालवून पुढे ठेवला तर तिने आईचा हात धरला, आपल्या छातीवर ठेवला आणि पुन्हा तेच वाक्य. ‘‘काहीतरी सांगतेय गं ही,’’ आई म्हणाली, ‘‘भाऊजींना बोलव.’’

काका आले ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. वाक्य ऐकलं, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘नाही, नाही. वदिलिवेयबड्डानु. म्हणा. वदिलिवेय... बड्डानु.’’ म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं आणि आपलंच वाक्य म्हटलं. काकांनी त्यांचं म्हटलं. हे किती वेळ चाललं असेल? माझ्या आठवणीत तरी दोन ऋतू बदलले. शेवटी ती पाठ फिरवून बसली. ‘‘हट्टी आहे,’’ काका म्हणाले, ‘‘रूप देत नाही.’’

दुपारी चौकीवरचे हवालदार आले. निफाडकडचे, प्रचंड देहाचे, खुर्चीत बसले की खुर्ची प्रार्थना म्हणायची. आईने ताक दिलं. त्यांनी मिशा पुसल्या न पुसल्या तोच गल्लीच्या तोंडाशी पांढरा शर्ट दिसला. मुलगा! धावत येत होता. मागाहून कळलं ते असं की त्र्यंबकला पोचल्यावर बसमधल्या बायकांच्या लक्षात आलं, म्हातारी नाही. पुढच्यांना वाटलं होतं मागे बसलीय, मागच्यांना वाटलं पुढे. मुलगा म्हणाला, राहू द्या, परत जाताना बघू. त्यावर त्या बायका बसच्या पुढ्यात आडव्या बसल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. नाक्यावर उतरताच हा गडी सगळ्यांच्या पुढे पळत सुटला होता. का, ते कळायला मला अंमळ वेळ लागला. बायका पोचायच्या आत त्याला प्रकरण मिटवायचं होतं.

तो आला, आईच्या पाया पडला, नानांच्या पाया पडला, हवालदारांच्याही पडला असता, पण त्यांचे पाय टेबलाखाली होते. ‘‘अम्मा छूट गया जी,’’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘‘गलती से छूट गया.’’

‘‘झालं तर मग!’’ नाना म्हणाले. ‘‘गैरसमज झाला होता. मिटला. चहा टाका.’’

‘‘आवो मग मी जाऊ का?’’ हवालदार उठू लागले. ‘‘लय ऊन हाय.’’

मुलाने आईचं गाठोडं उचलायला हात पुढे केला. म्हातारीने गाठोडं पोटाशी आवळलं. त्याने दंड धरला. तिने दुसऱ्या हाताने नळ धरला. आमचा कुलपुरुष! त्या नळाला ती अशी लटकली की सोडवायचं तर आख्ख्या पंचवटीची पाइपलाइन उपटावी लागली असती. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण नाना दयाळूपणे तिची बोटं सोडवायला निघाले होते. ‘‘या वयात असं होतं,’’ असं म्हणत. आणखी थोडा वेळ गेला असता तर माझ्या चांगल्या, देवभोळ्या बापाने तिला त्याच्या हाती दिलं असतं, आणि पुढच्या कुठल्यातरी घाटावर ती पुन्हा राहून गेली असती.

‘‘थांबा हो नाना,’’ हवालदार म्हणाले. ‘‘बाई येत नाय म्हणती. ओ मास्तर, तुम्हाला चौदा भाषा येत्यात ना? इचारा ना तिला, काय झालं ते.’’

काकांना काय झालं ते विचारता येत नव्हतं. त्यांना फक्त एकच गोष्ट विचारता येत होती, आणि तीही कोशाच्या लोभाने, अजून एकदा ‘पडणं’ मिळतं का बघावं म्हणून. त्यांनी पेन्सिल काढली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘एवरिचेत?’’

कोणाकडून?

म्हातारीने नळ सोडला. काकांकडे असं बघितलं की जणू दगड बोलला. मग सरळ हात करून तिने मुलाच्या छातीवर, त्या दोन पेनांच्या मधोमध, बोट टेकवलं.

स्टोव्ह तेवढा भरभरत होता. मुलगा हसला, त्याने हवालदारांकडे बघून डोक्यापाशी बोट फिरवलं, म्हातारीचं चळलंय अशी खूण. आणि आई ओट्यावरून खाली उतरली. पिठाचे हात तसेच. ‘‘ए पोरी,’’ ती मला म्हणाली, ‘‘काल संध्याकाळी यांनी काय सांगितलं होतं?’’

‘‘एक कमी.’’

‘‘उपास कुणाचा होता? विचार त्यांना. ती केळी-खजूर तशीच पडलीत माझ्याकडे, न्यायला कुणी आलं नाही.’’ मग तिने मला विचारायलाही वेळ दिला नाही. मुलाच्या तोंडापुढे पिठाचा हात नाचवत, शुद्ध मराठीत, ‘‘मुडद्या, आईची भाकरी तू कालच कमी केलीस! संध्याकाळी! ती वर झोपलेली असताना!’’ त्याला शब्द कळला नसेल, पण पुड्याची खूण कळली. चेहरा शर्टापेक्षा पांढरा झाला.

तेवढ्यात बायका आल्या. त्यांतली एक रेल्वेतल्या माणसाची बायको, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. तिने म्हातारीचं ऐकलं आणि आम्हाला सांगितलं, ‘‘सुबह से बोल रही है ये, मेरे को छोड़ के चले गए. आप लोग समझा नहीं?’’

‘‘ते मला सकाळपासून माहीत आहे,’’ काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

‘‘सोडून निघून गेले, असंच म्हणत होत्या. पण तो कर्तरी प्रयोग आहे. मला कर्मणी हवा होता.’’

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले, काहींशी नोकरी केली, एकाशी लग्न केलं, पण त्या दुपारच्या काकांची सर कुणाला आली नाही. बाईने सकाळपासून सगळ्या गल्लीला सांगितलं, ते फक्त एका माणसाला कळलं, आणि त्याने ते नापास करून परत पाठवलं. आईने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, ‘‘भाऊजी, आज तुमच्याकडून पोळी खाल्ली जाणार नाही.’’

म्हातारीचं अजून संपलं नव्हतं. ती मुलासमोर उभी राहिली, त्याच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती, आणि एकच शब्द म्हणाली, ‘‘चेप्पु.’’ सांग. त्याने हिंदीत सुरुवात केली, ‘‘छूट ग–’’ तिने मान हलवली. त्याने तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगितलं. बायकांनी माना हलवल्या. ‘‘चेप्पु.’’ हवालदारांनी पट्टा नीट केला. शेवटी तो जमिनीकडे बघून म्हणाला, ‘‘नेने वदिलेसि वेळ्ळानु.’’ रेल्वेवालीने न विचारता अर्थ सांगितला. मीच सोडून गेलो.

मला वाटलं आता म्हातारी रडेल, त्याला पोटाशी धरेल. छे. तिने फक्त बघून घेतलं, की ऐकलं ना सगळ्यांनी? मग गाठोडं उचलून त्या रेल्वेवालीच्या हातात दिलं. मुलाच्या नाही. ती बायकांबरोबर जाईल, रेल्वेवालीच्याच घरी राहील, आणि पुढचं गावच्या पंचांपुढे, असं ठरलं. हवालदारांनी मुलाला चौकीवर नेलं, तिथे त्याचं काय झालं मला माहीत नाही. एवढं खरं की बस सुटायच्या आधी तो परत आला तेव्हा खिशात एकच पेन होतं. आई केळी-खजूर घेऊन नाक्यापर्यंत गेली, मग मधूनच परत फिरली, ओट्यावर बसून एक दशमी लाटली, भाजली, चटणी घातली, पानात बांधली. बस तोवर उभी होती. पुढ्यात आई असताना सोडायची कुणाची छाती? तो पुडा तिने खिडकीतून म्हातारीच्या हातात दिला आणि म्हातारीने तिथेच सुतळी सोडून खायला सुरुवात केली, दिवसभराची उपाशी.

काका दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चिठ्ठ्या लिहू लागले. अशी माणसं सुधारत नाहीत, वयानं फक्त वाळतात. पण आईने शिरस्ता बदलला. पुढाऱ्याकडून आकडा घेणं बंद. संध्याकाळी ती स्वतः खोलीखोलीतून फिरायची, प्रत्येकाचं नाव विचारायची, मी लिहून घ्यायची, आणि प्रत्येक पुड्यावर नावाची चिठ्ठी बांधून ती ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. ज्याच्या नावाचा पुडा उरला त्याला शोधल्याशिवाय बस हलायची नाही. चिठ्ठ्या कुठून आणायच्या? घरात एका बाजूने कोरं, जाड, आयतं कापलेलं कातरण ढिगाने पडलेलंच होतं. कन्नड गेलं, उडिया गेलं, सिंधी गेलं. सुतळीत बांधलेली क्रियापदं काशीला गेली, रामेश्वरला गेली, चटणीच्या तेलात भिजून.

काकांना कळलं तेव्हा पार गुजरातीपर्यंत संपलं होतं. ते रिकामं खोकं घेऊन ओट्यापाशी आले.

‘‘वहिनी, माझा कोश... माझा कोश वापरला गेला!’’

आईने पोळी उलटली.

‘‘मी वापरला,’’ ती म्हणाली. ‘‘बसा जेवायला.’’